जुन्या बारा-व्हॉल्व्ह कमिन्सचा टर्बो खालच्या आरपीएमला लवकर कसा उठवायचा

मागे घोड्यांचा ट्रेलर, समोर हिरवा सिग्नल. तुम्ही क्लच सोडता, ॲक्सिलरेटर दाबता. आरशात काळा धूर दिसतो, पण गाडी दोन-तीन सेकंद जड पावलांनी रांगते. मग अचानक टर्बोची शिट्टी चढते आणि गाडी सुटते. १९९४ ते १९९८ या काळातला डॉज राम पिकअप, ५.९ लिटरचं, बारा व्हॉल्व्हांचं कमिन्स डिझेल इंजिन, सेकंड-हँड घेतलेला असेल, तर हा अनुभव तुम्हाला आला असण्याची शक्यता बरीच आहे. मला आला. मी डेन्व्हरला राहतो, समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंचीवर. इथे हवा मुळातच साधारण सहाव्या हिश्श्याने विरळ, त्यामुळे टर्बोचा आळस जास्तच जाणवतो.

हा लेख पहिल्यांदाच टर्बोला हात लावणाऱ्यांसाठी आहे. घरच्या अंगणात, साध्या पान्यांनी, दोन शनिवार-रविवारांत होणारं हे काम आहे. पण क्रम मोडू नका. बहुतेक जण सुरुवात डिझेल वाढवण्यापासून करतात आणि तिथेच फसतात. आधी हवेची गळती, मग एक्झॉस्टची गळती, मग टर्बोचं हाऊसिंग, म्हणजे त्याचं बाहेरचं घर, आणि सगळ्यात शेवटी डिझेल.

गाडी नेमकी काय सांगते आहे

टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, आणि त्याचं चाक फिरतं ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर. वायू कमी, तर चाक हळू. चाक हळू, तर हवा कमी. हवा कमी, तर पूर्ण न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर. खालच्या आरपीएमला इंजिन या चक्रात अडकून पडतं. या इंजिनाचा कमाल टॉर्क १,६०० आरपीएमलाच मिळतो आणि २,५०० च्या पुढे त्याच्याकडून फारसं काही मागायचं नसतं. म्हणजे टर्बो २,००० ला जागा होत असेल, तर ओढण्याच्या कामाचा अर्धा पट्टा वाया गेला.

बॉनेट उघडण्याआधी धुराकडे बघा. टर्बो उशिरा उठतो आणि धूर भरपूर, तर दोष हवेच्या बाजूला. टर्बो उशिरा उठतो पण धूर जवळपास नाही, तर डिझेलच कमी पडतंय. आधी डिझेल फिल्टर, टाकीतून डिझेल ओढणारा लिफ्ट पंप आणि इंजेक्शन पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह तपासा. या गाडीच्या पी७१०० इंजेक्शन पंपाला साधारण २५ ते ३५ पीएसआय दाबाने डिझेल लागतं. ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग थकली की दाब पडतो आणि माणूस टर्बोला दोष देत बसतो.

पायरी पहिली: मोजा

बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, दाखवणारं गेज नसेल तर पहिला खर्च त्यावर करा. दुसरा पायरोमीटरवर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणाऱ्या गेजवर. त्याचा प्रोब टर्बोच्या आधी, सगळ्या सिलिंडरांचा वायू गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसला पाहिजे. टर्बोच्या पुढे बसवलेला प्रोब तापमान बरंच कमी दाखवतो आणि खोटा धीर देतो. मॅनिफोल्डला भोक टर्बो उतरवलेला असतानाच पाडा. लोखंडाचा एक कीस टर्बाइनच्या पात्यांत गेला तरी टर्बो जातो.

मग एक मोकळा, सपाट, सरळ रस्ता ठरवा. इंजिन पूर्ण गरम, चौथा गिअर, १,४०० आरपीएमला स्थिर चाल. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. शेजारी बसलेल्या माणसाने गेजचं चित्रण करायचं. बूस्ट १० पीएसआयला पोहोचला तेव्हा आरपीएम किती होते आणि किती सेकंद लागले, ते वहीत लिहा. तीनदा करा. पुढच्या प्रत्येक बदलानंतर हाच रस्ता, हाच गिअर, तितकंच वजन. ‘गाडी हलकी वाटतेय’ हा पुरावा नव्हे. पैसे खर्च केल्यावर प्रत्येकाला गाडी हलकी वाटते.

पायरी दुसरी: हवेची गळती शोधा

पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत ही पायरी सर्वात जास्त फळ देते आणि तिला खर्च जवळपास शून्य. टर्बोतून दाबलेली हवा तिला थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून फिरून इंजिनात येते. वाटेत रबरी बूट (पाइप जोडणाऱ्या जाड रबरी नळ्या), क्लॅम्प आणि गास्केट. बूट तेलाने मऊ पडतात, क्लॅम्प सैल होतात. थोडी गळतीही खालच्या आरपीएमला महागात पडते, कारण तिथे हवा मुळातच मोजकी असते.

चाचणीचं साधन घरी बनतं. एअर फिल्टरकडून येणारा पाइप टर्बोच्या तोंडावरून काढा. त्या तोंडावर बसेल असं प्लास्टिकच्या पाइपचं बूच घ्या, त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवा आणि रबरी जोड व क्लॅम्पने तोंडावर आवळा. कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर आधी १० आणि मग २० पीएसआयवर ठेवून हवा भरा. त्याहून जास्त नको. बुचाच्या समोर उभे राहू नका. सुटलं तर गोळीसारखं येतं.

आता साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीतून प्रत्येक जोडावर मारा. बुडबुडे दिसले की जागा सापडली. बुटाच्या खालच्या बाजूला हात घालून बघायला विसरू नका, तेल तिथेच साचतं आणि चीर तिथेच पडते. तेल भरायच्या तोंडातून हलकी फुसफुस येते, ती पिस्टन रिंगांजवळून जाणारी हवा, तिची चिंता नको. पण हवा एखाद्या उघड्या व्हॉल्व्हमधून सरळ एक्झॉस्टला पळत असेल तर दाब धरणारच नाही. तेव्हा इंजिन हाताने थोडं फिरवून पुन्हा भरा.

एक बारीक नळी खास तपासा: इनटेककडून इंजेक्शन पंपाच्या मागच्या डबीकडे जाणारी. त्या डबीला एएफसी म्हणतात. बूस्ट किती आहे ते या नळीतून पंपाला कळतं आणि त्याप्रमाणे तो डिझेल सोडतो. नळी फुटली की बूस्ट असूनही पंपाला तो कळत नाही. धूर नाही आणि जोरही नाही, असं असेल तर ही नळी आधी बघा.

माझ्या गाडीत इंटरकूलरच्या खालच्या बुटाला बोटभर चीर होती. दुरून काहीच दिसत नव्हतं. तेवढा एक बूट बदलला आणि वहीतला आकडा लगेच सुधारला. रबरी बुटांऐवजी सिलिकॉनचे, आणि साध्या स्क्रू-क्लॅम्पऐवजी जाड टी-बोल्ट क्लॅम्प घ्या. बसवण्याआधी पाइपची टोकं स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलकट टोकावरून बूट चढाला निसटेल.

पायरी तिसरी: एक्झॉस्टची गळती

टर्बोपर्यंत पोहोचण्याआधी गळालेला वायू चाक फिरवत नाही. या इंजिनाचं मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उष्णतेने वर्षानुवर्षं आकसत जातं आणि दोन्ही टोकांचे, म्हणजे पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरजवळचे बोल्ट तुटतात. सकाळी इंजिन थंड असताना चालू करा. टिक-टिक असा आवाज आला आणि गरम होताना विरला, तर गास्केटजवळ काजळीचे काळे ओघळ शोधा. मॅनिफोल्ड बदलायचंच ठरलं तर तीन तुकड्यांचं घ्या, त्यात लोखंडाला प्रसरणासाठी जागा ठेवलेली असते.

वेस्टगेटही इथेच बघायचं. ठरावीक बूस्टनंतर जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी ही झडप. तिची दांडी गंजून थोडी उघडी अडकली, तर सुरुवातीपासूनच वायू वाया जातो. ॲक्च्युएटरच्या नळीला रेग्युलेटरमधून हळूहळू हवा द्या. दांडी कोणत्या दाबाला हलते आणि हवा काढल्यावर पूर्ण परत बसते का, ते पाहा.

पायरी चौथी: हाऊसिंगचा आकडा वाचा

इथपर्यंत सगळं ठीक असूनही टर्बो २,००० च्या आसपासच उठत असेल, तर टर्बाइन हाऊसिंगकडे या. हे एक्झॉस्टच्या बाजूचं शंखाकृती ओतीव लोखंडी घर. होल्सेट कंपनी त्यावर एक आकडा ओतते: १२, १४, १६. शंख जिथे अरुंद होतो तिथल्या छेदाचं हे चौरस सेंटिमीटरमधलं क्षेत्रफळ. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की तेच पाणी जोराने लांब जातं. इथेही तसंच: आकडा लहान तेवढा वायूचा वेग जास्त आणि टर्बो लवकर जागा.

या पिढीच्या राममध्ये बहुतेक होल्सेट एचएक्स३५ टर्बो येतो, १२ च्या वेस्टगेटवाल्या हाऊसिंगसह. मग तुमच्या हाऊसिंगवर १६ दिसलं, तर ते कुठून आलं? आधीच्या मालकाने बसवलं. डिझेल वाढवलेल्या गाडीचं तापमान वरच्या आरपीएमला खाली राहावं म्हणून १६ चं, वेस्टगेट नसलेलं हाऊसिंग लावायची या गाड्यांमध्ये मोठी प्रथा होती. रिकामी गाडी पळवणाऱ्याला ते चालतं. ट्रेलर ओढणाऱ्याला प्रत्येक सिग्नलवर त्याची किंमत मोजावी लागते.

ट्रेलर नेहमी ओढत असाल आणि इंजिन जवळपास मूळ अवस्थेत असेल, तर परत १२ वर या. डिझेल आधीच बरंच वाढवलेलं असेल तर १४ हा मधला मार्ग. काही जण २००० च्या सुमाराच्या ऑटोमॅटिक गाड्यांमधला एचवाय३५, म्हणजे ९ आकड्याचा छोटा टर्बो सुचवतात. तो चटकन उठतो हे खरं, पण वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट तुंबतो आणि तापमान चढतं. डोंगरात वजन ओढणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

एचवाय३५ न घेण्याचं आणखी एक कारण आहे. एचएक्स३५ च्या हाऊसिंगला मध्ये भिंत असते, दोन वेगळे मार्ग. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-५-३-६-२-४. नीट बघा: पुढच्या तिघांतला एक, मागच्या तिघांतला एक, पुन्हा पुढचा, पुन्हा मागचा. पुढच्या तीन सिलिंडरांचा वायू एका मार्गाने, मागच्या तिघांचा दुसऱ्या. त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्यात मिसळून बोथट होत नाही आणि चाकाला आळीपाळीने स्वच्छ ठोसे बसतात. कमी आरपीएमला या ठोशांवरच सगळी मदार असते. एचवाय३५ मध्ये ही भिंत नाही. आणि म्हणूनच जुनं हाऊसिंग विकत घेताना ही भिंत तडकलेली नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात तपासून घ्या.

घेताना दुसरी काळजी: हाऊसिंग तुमच्याच टर्बाइन चाकाच्या मापाचं हवं. एचएक्स४० चं चाक मोठं, एचवाय३५ च्या चाकाचा घाट वेगळा. बाहेरून सगळी सारखी दिसतात. तुमच्या टर्बोवरच्या पट्टीचा क्रमांक विक्रेत्याला द्या आणि चाक कॅलिपरने मोजा.

पायरी पाचवी: उतरवणे आणि बदलणे

दोन दिवस आधीपासून मॅनिफोल्डचे चार नट, डाउनपाइपचा (टर्बोतून खाली जाणाऱ्या एक्झॉस्ट पाइपचा) क्लॅम्प आणि हाऊसिंगचे बोल्ट यांच्यावर गंज सोडवणारं तेल रोज मारा. घाईने तुटलेला एक स्टड अख्खा दिवस खातो.

कामाच्या दिवशी इंजिन थंड आणि दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह वायर सुटी. या गाडीत बॅटऱ्या दोन असतात. हवेचे दोन्ही पाइप काढा. वरची ऑईलची नळी आणि खालच्या ऑईल ड्रेनचे दोन बोल्ट सोडा. डाउनपाइप मोकळा करा, मग मॅनिफोल्डचे चार नट. टर्बो जड असतो आणि वाकून काढावा लागतो, म्हणून शेवटचा नट सोडताना दुसरा माणूस हवाच. प्रत्येक उघड्या तोंडात स्वच्छ फडकं घाला आणि किती फडकी घातली ते लिहून ठेवा. इंजिनात राहिलेल्या फडक्याने गेलेली इंजिनं आहेत.

टर्बो टेबलावर आला की शाफ्ट हाताने हलवा. आडवा थोडा खेळ असणारच, कारण तो ऑईलच्या थरावर तरंगण्यासाठीच आहे. पण पुढे-मागे ओढून खेळ जाणवला, किंवा चाक घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर हाऊसिंग बदलण्यात अर्थ नाही. आधी टर्बो दुरुस्तीला द्या.

सगळं शाबूत असेल तर जुन्या हाऊसिंगवर आणि मधल्या भागावर टोकदार सुईने एक सलग रेघ ओढा, म्हणजे बसवताना कोन चुकणार नाही. हाऊसिंगचे बोल्ट सोडा (काही टर्बोंवर बोल्टऐवजी क्लॅम्पची पट्टी असते). हाऊसिंग बाहेरून गॅसच्या टॉर्चने चौफेर गरम करा आणि लाकडी किंवा पितळी हातोडीने एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, असं हलकं ठोकत सरळ बाहेर काढा. पात्यांवर जोर देऊन कधीच उचकटू नका. एक पातं वाकलं की तोल गेला, आणि मिनिटाला लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या चाकाला तोल नसेल तर पुढचं सांगायला नको.

नवीन हाऊसिंगच्या बोल्टांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) लावून ते बसवा. ऑईलची आत येणारी नळी वर आणि ड्रेन सरळ खाली राहिला पाहिजे. ड्रेन तिरपा झाला तर ऑईल साचतं आणि सीलमधून सायलेन्सरकडे जातं. बोल्ट आवळल्यावर चाक बोटाने फिरवा. कुठेही न घासता गरगरलं पाहिजे.

गाडीवर चढवताना मॅनिफोल्डचं आणि ड्रेनचं गास्केट नवीनच वापरा. मॅनिफोल्डचे चार नट ३२ न्यूटन-मीटर, म्हणजे २४ फूट-पौंड, कर्णाकर्णाने आवळा. ऑईलची नळी जोडण्याआधी टर्बोच्या वरच्या भोकातून ५० ते ६० मिलिलिटर स्वच्छ ऑईल ओता आणि चाक हाताने फिरवा. मग पंपाच्या फ्युएल शटऑफ सोलेनॉइडची वायर काढून, ऑईल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. त्यानंतरच इंजिन चालू करा आणि काही मिनिटं नुसतं आयडलला ठेवा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. कोरड्या बेअरिंगवर फिरवलेला नवा टर्बो पहिल्याच मिनिटात खराब होतो.

वेस्टगेटची नळी जोडायला विसरू नका, आणि ती मुद्दाम बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. १२ च्या हाऊसिंगवर वेस्टगेट बंद केलं तर चाक वेगाची मर्यादा ओलांडतं आणि बूस्ट मूळ हेड गास्केटला झेपण्यापलीकडे जातो. मी ३० पीएसआयच्या वर जाऊ देत नाही.

पायरी सहावी: आता डिझेल

पुन्हा त्याच रस्त्यावर जा आणि आकडे लिहा. माझ्या गाडीत १० पीएसआय आधी २,००० च्या पुढे मिळायचा, तो आता १,७०० च्या आत मिळू लागला. आता एएफसीला हात लावायचा, कारण हवा बदलली की डिझेलचा मेळ बदलतो. हे आधी केलं असतं तर दोनदा करावं लागलं असतं.

एएफसीच्या वरचं छोटं बूच काढलं की आत दातेरी चाक दिसतं. ते स्प्रिंगचा ताण बदलतं, म्हणजे किती बूस्टला डिझेल मोकळं सोडायचं ते ठरतं. मूळ जागेची खूण करा, मग एका दिशेने तीन-चार दात फिरवा आणि गाडी चालवून पाहा. उठताना धूर वाढला तर ती दिशा डिझेल लवकर सोडण्याची. हलकी करडी धूसर छटा दिसेल तिथे थांबा. काळा ढग दिसला की दोन दात मागे. एवढ्याने भागलं नाही तर एएफसीचे बोल्ट ढिले करून ती अख्खी डबी किंचित पुढे सरकवता येते. पुढे सरकवली की उठतानाचं डिझेल वाढतं. एका वेळी मिलिमीटरपेक्षा जास्त नको. डबीच्या खालच्या फ्युएल प्लेटला नवख्याने हात लावू नये. ती चुकीची बसून पंपाची रॅक, म्हणजे डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी, अडकली तर इंजिन बेलगाम पळू शकतं.

नजर पायरोमीटरवर ठेवा. लांब चढाला १,२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६७५ अंश सेल्सिअसच्या खाली राहायचं. पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत. १६ वरून १२ वर आल्यावर खालच्या आरपीएमला तापमान कमी दिसेल, पण वरच्या आरपीएमला पूर्ण भाराखाली आधीपेक्षा जास्त चढेल. या बदलाची ही खरी किंमत आहे. डेन्व्हरच्या पश्चिमेच्या डोंगरातल्या आयसेनहॉवर बोगद्याच्या चढाला मी आता एक गिअर खाली घेऊन, ॲक्सिलरेटर अर्ध्यावर ठेवून जातो. भाराखाली पाय एकदम उचलल्यावर टर्बोतून भुंकल्यासारखा आवाज आला, तर ती हवा उलटी फिरल्याची खूण. पाय हळू उचलायची सवय लावा.

कायद्याबद्दल थोडं. अमेरिकेत प्रदूषण-नियंत्रणाचे भाग काढणं किंवा निकामी करणं संघराज्याच्या क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो जागेवर राहू द्या. कॅलिफोर्नियात १९९८ आणि त्यापुढच्या डिझेल पिकअपना स्मॉग तपासणी लागते, आणि बाहेरच्या भागांना तिथल्या हवा मंडळाची मंजुरी असावी लागते.

हे इंजिन कमिन्सच्या ज्या बी-मालिकेतलं, तीच मालिका आपल्याकडे टाटाच्या ट्रकांमध्येही आली. त्यासाठीची टाटा कमिन्स ही कंपनी १९९३ साली जमशेदपूरला स्थापन झाली आणि पुढे फलटणलाही कारखाना उभा राहिला. खंबाटकी घाटात धूर ओकत रांगणारे ट्रक पाहत मी मोठा झालो, म्हणून गावाकडून विचारणा होतेच: आमच्या गाडीला हे जमेल का? मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. तिथे हाऊसिंग आणि पंपाला हात न लावता पहिल्या तीन पायऱ्या करा. साबणाच्या पाण्याला कुठल्याच परवान्याची गरज नाही, आणि जुन्या ट्रकचा निम्मा आळस बऱ्याचदा त्या बुटांमध्येच सापडतो.

काम झाल्यावर पहिल्या लांब फेरीनंतर, गाडी पूर्ण थंड झाली की, मॅनिफोल्डचे चार नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नव्या गास्केटवर ते थोडे बसतात. सगळे क्लॅम्पही त्याच वेळी एकदा आवळून घ्या.